पिकतं तिथे विकत नाही

२००७ साल संपत आलं होतं आणि दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला प्रशिक्षक नव्हता. आशियाई करंडकानंतर, जुलैमध्येच पिम व्हर्बेक पायउतार झाला होता. कोरियन फुटबॉल संघटनेची नजर दोघांवर होती, फ्रान्सचा जेरार उलिए आणि आयर्लंडचा मिक मॅकार्थी. दोघांनीही नकार कळवला. विश्वचषकाची पात्रता फेरी फेब्रुवारीत सुरू व्हायची होती, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. अखेर डिसेंबरात संघटनेनं घरातल्याच एका माणसाला हाक मारली. हॉ जंग-मू, वय ५२.

कोरियन वृत्तपत्रांत आनंदाच्या आरोळ्या उठल्या नाहीत. त्याआधीची सात वर्षं संघ परदेशी प्रशिक्षकांच्या हाती होता. खुस हिडिंक, उंबेर्तु कोएल्यु, यो बॉन्फ्रेर, डिक अॅडव्होकाट आणि व्हर्बेक. या पाचांतले चार डच आणि एक पोर्तुगीज. हिडिंकनं २००२ मध्ये संघाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेलं, तेव्हापासून लोकांच्या मनात एक समीकरण घट्ट बसलं होतं. परदेशी प्रशिक्षक म्हणजे आधुनिक फुटबॉल. देशी प्रशिक्षक म्हणजे जुनी शिस्त, जुने डावपेच आणि जुने पराभव. आकडेही या समजुतीच्या बाजूनं होते. १९५४ ते १९९८ या काळात कोरिया पाच विश्वचषकांत १४ सामने खेळला. त्यात चार बरोबरी, दहा पराभव आणि विजय एकही नाही. या प्रत्येक वेळी प्रशिक्षक कोरियनच होता.

हॉ जंग-मूची गोष्ट सांगायची ती या पार्श्वभूमीवर. कारण 'आपला की परका' हा प्रश्न कोरियानं वर्षानुवर्षं घोळवला आणि त्याचं उत्तर शोधायला या माणसाच्या कारकिर्दीइतका चांगला मजकूर दुसरा नाही.

जिंदो ते आइंडहोवन

जिंदो हे कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाचं बेट. १९८४ मध्ये पूल होईपर्यंत तिथे जायला होडीशिवाय मार्ग नव्हता. या बेटाची ओळख म्हणजे तिथल्या कुत्र्याची जात. जिंदोचा कुत्रा मालकाशी इमानी आणि शिकारीत कमालीचा चिवट. सरकारनं त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे. १९५५ मध्ये या बेटावर जन्मलेल्या हॉला पुढे 'जिंदोचा कुत्रा' हेच टोपणनाव चिकटलं. आपल्याकडे ही शिवी झाली असती. कोरियात तो गौरव होता, कारण एकदा या माणसाला कुणाच्या मागे लावलं की तो सुटत नसे.

तो मधल्या फळीतला खेळाडू होता. मात्र नजाकतीचे पास देणाऱ्या, खेळाची लय ठरवणाऱ्या जातकुळीतला नव्हे. त्याचं बळ धावण्यात, चेंडू हिसकावण्यात आणि समोरच्याला मोकळं न सोडण्यात होतं. गरज पडली तर तो बचावफळीत उभा राही, संधी दिसली तर पुढे जाऊन गोलही करी. योन्से विद्यापीठातून शिकून तो वीज महामंडळाच्या संघात दाखल झाला. १९७४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघात आला आणि पुढची बारा वर्षं त्या संघाचा भाग राहिला.

तेव्हा कोरियात व्यावसायिक लीग नव्हती. बँका, वीज कंपनी, सैन्यदलं यांचे संघ होते. खेळाडू कागदोपत्री नोकरदार असत आणि प्रत्यक्षात फुटबॉल खेळत. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ पाहिलेल्या जुन्या रसिकांना ही व्यवस्था चांगली ओळखीची वाटेल. किंबहुना त्या काळी दोन देशांत फारसं अंतरही नव्हतं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं होतं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी गोल केले, आणि त्या संघात गोव्यात जन्मलेला, मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन्ही देशांच्या वाटा किती दूर गेल्या, हे हॉच्या पिढीकडे पाहून कळतं.

त्या पिढीचा पहिला मोठा माणूस चा बूम-कुन. १९७९ मध्ये तो जर्मनीत आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे गेला आणि आशियाई खेळाडू युरोपात नुसता टिकतोच असं नाही, गाजतोही, हे त्यानं दाखवून दिलं. १९८० मध्ये, सक्तीची लष्करी सेवा उरकून, हॉ नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या पीएसव्ही संघात दाखल झाला. हा क्लबही मुळात कारखान्याचाच, फिलिप्स कंपनीच्या कामगारांसाठी स्थापन झालेला. पण इथली गोष्टच वेगळी होती. १९७८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेले विली आणि रेने हे व्हान डे केर्कहोफ बंधू ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसत. १९८१ च्या अखेरीस योहान क्रॉयफ अयाक्समध्ये परतला आणि लीगच्या मैदानांवर प्रतिस्पर्धी म्हणून उतरू लागला.

हॉ तिथे तीन हंगाम राहिला. परदेशी गेलेल्या कोरियन खेळाडूंच्या इतिहासात चाचं नाव ठळक अक्षरांत येतं आणि हॉचं त्याखाली, जरा बारीक टायपात. पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. चा आघाडीवीर होता. गोल करणाऱ्याची किंमत कुठेही लगेच कळते. हॉनं डच फुटबॉलमध्ये जागा मिळवली ती अडवणाऱ्याच्या कामावर, तेही 'टोटल फुटबॉल'च्या माहेरी, जिथे प्रत्येकानं दोन-तीन जागा खेळाव्यात अशी अपेक्षा असे. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं निवडलेल्या खेळाडूंकडे पाहिलं की ही तीन वर्षं वाया गेली नव्हती हे जाणवतं.

१९८३ मध्ये कोरियात 'सुपर लीग' सुरू झाली. पाच संघ, त्यातले दोनच खऱ्या अर्थानं व्यावसायिक. दुसऱ्या वर्षी ह्युंदाईचा संघ त्यात उतरला आणि हॉ मायदेशी परतून त्या संघातून खेळू लागला.

एक गोल आणि एक लाथ

१९५४ मध्ये कोरियाचा संघ पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा युद्ध थांबून एक वर्षही झालं नव्हतं. स्वित्झर्लंडला पोहोचायलाच उशीर झाला. हंगेरीनं ९-० आणि तुर्कस्ताननं ७-० असं हरवलं. त्यानंतर ३२ वर्षं विश्वचषकाचं दार बंद राहिलं. ते उघडलं ३ नोव्हेंबर १९८५ रोजी सोलच्या जामसिल मैदानावर. पात्रता फेरीचा शेवटचा टप्पा आणि समोर जपान. टोकियोतला पहिला सामना कोरियानं २-१ असा जिंकलेला. सोलमध्ये १-० झालं आणि तो एकमेव गोल हॉचा होता.

कोरियन फुटबॉलच्या इतिहासात हा गोल खरं तर सोन्याच्या चौकटीत बसवायला हवा. पण जगाला हॉ ठाऊक आहे तो दुसऱ्याच एका क्षणामुळे. २ जून १९८६, मेक्सिको सिटी. कोरिया विरुद्ध अर्जेंटिना. दिएगो मॅराडोनाला रोखण्याचं काम पुढे हॉकडे आलं आणि एका झटापटीत त्याचा पाय चेंडूऐवजी मॅराडोनाच्या पायावर बसला. छायाचित्रकारानं नेमका तो क्षण टिपला. हवेत उचललेला पाय, वेदनेनं आकसलेला मॅराडोना. ते छायाचित्र जगभर फिरलं आणि कोरियन खेळाला 'तायक्वांदो फुटबॉल' असं नाव पडलं.

त्या दिवशी मॅराडोनाच्या कोरियन पहारेकऱ्यांनी त्याला बरेचदा पाडलं, पण थांबवता काही आलं नाही. अर्जेंटिनाच्या तिन्ही गोलांची सुरुवात त्याच्याच पायांतून झाली आणि सामना ३-१ असा संपला. कोरियाचा गोल पार्क चांग-सनचा. कोरियाच्या विश्वचषक इतिहासातला तो पहिला. पुढे बल्गेरियाशी १-१ अशी बरोबरी झाली. शेवटी गतविजेत्या इटलीशी पुएब्लात ३-२ असा चुरशीचा पराभव झाला. त्या सामन्यात चो क्वांग-रेकडून स्वयंगोल झाला आणि अखेरच्या क्षणांत हॉनं एक गोल केला. ही दोन नावं पुढे पुन्हा एकत्र येणार आहेत.

या लाथेकडे केवळ धसमुसळेपणा म्हणून पाहिलं तर चुकेल. ज्या संघाला ३२ वर्षांत विश्वचषकाचा एकही सामना खेळायला मिळाला नव्हता, ज्याच्या देशातली लीग तीन वर्षांची होती, त्याच्याकडे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी दुसरी योजनाच नव्हती. एक माणूस मागे लावायचा आणि त्यानं सावलीसारखं राहायचं. आशियाई स्तरावर हे चालून जाई. मेक्सिकोत त्याच्या मर्यादा उघड्या पडल्या. त्याच वर्षी सोलमधल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून हॉनं खेळ थांबवला.

पेरलं एकानं

खेळाडूचा प्रशिक्षक झाला तो पायरीपायरीनं. १९९० च्या विश्वचषकात तो राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक ताफ्यात होता, १९९४ मध्येही होता. मधल्या काळात पोहांगचा पोस्को संघ सांभाळला, मग ग्वांगयांगच्या चुन्नाम ड्रॅगन्सकडे गेला. दोन्ही शहरं पोलादाची आणि दोन्ही संघ पोस्को या पोलाद कंपनीचे. १९९७ मध्ये चुन्नामला त्यानं एफए करंडक जिंकून दिला. लीगचं विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. बादफेरीत भारी आणि लांब पल्ल्यात कमी, असा शिक्का बसला तो कायमचा.

१९९८ च्या फ्रान्स विश्वचषकात चा बूम-कुन प्रशिक्षक होता. नेदरलँड्सनं कोरियाला ५-० असं धुतलं आणि संघटनेनं स्पर्धा चालू असतानाच चाला घरी पाठवलं. त्या डच संघाचा प्रशिक्षक हिडिंक होता. रिकाम्या खुर्चीवर हॉ आला. राष्ट्रीय संघ आणि सिडनी ऑलिंपिकचा संघ, दोन्ही त्याच्याकडे.

मार्च १९९९ मध्ये सोलला ब्राझील १-० असं हरलं. मैत्रीपूर्ण सामना का होईना, ब्राझीलला हरवलं होतं. पण त्या काळातलं हॉचं खरं काम मैदानावर नव्हे, निवडीत झालं. ऑलिंपिक संघाच्या सराव सामन्यांत म्योंगजी विद्यापीठाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा त्याच्या नजरेत भरला. पार्क जी-सुंग. तळपाय सपाट, उंची बेताची. शाळेतून बाहेर पडल्यावर त्याला घ्यायला क्लब तयार नव्हते. विद्यापीठातली त्याची जागासुद्धा टेनिस संघाच्या कोट्यातून उरलेली होती, असं सांगतात. हॉनं त्याला ऑलिंपिक संघात घेतलं तेव्हा कुजबुज सुरू झाली. हॉ बादुकचा शौकीन. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा हा पटावरचा खेळ बाहेर 'गो' म्हणून ओळखला जातो. म्योंगजीच्या प्रशिक्षकाबरोबर त्याचे डाव रंगत. एक डाव हरला आणि त्या बदल्यात हा मुलगा घेतला, अशी टवाळी लोक करू लागले.

हॉला त्या मुलात काय दिसलं असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. न थांबता धावणारा, चेंडू नसतानाही जागा शोधणारा, सांगाल तिथे खेळणारा. थोडक्यात, आइंडहोवनमध्ये तो स्वतः ज्या गुणांवर टिकला तेच गुण. त्याच संघात ली यंग-प्यो होता, ली चुन-सू होता. प्रसिद्ध नावं मागे ठेवून हॉनं कोवळी मुलं पुढे आणली.

निकाल मात्र हाताशी आले नाहीत. सिडनी ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात स्पेननं ३-० असं हरवलं. पुढे मोरोक्को आणि चिली दोघांनाही कोरियानं १-० असं हरवलं, तरी गोलफरकात मागे पडून संघ बाहेर गेला. दोन विजय मिळवून साखळीतच गारद होणं म्हणजे नशिबाची थट्टाच. महिन्याभरात लेबननमधल्या आशियाई करंडकात उपांत्य सामन्यात सौदी अरेबियाकडून हार झाली आणि तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. हॉनं पद सोडलं. विश्वचषक दीड वर्षावर होता, तोही स्वतःच्या देशात. संघटनेनं हिडिंकला आणलं.

पुढची कथा साऱ्या जगाला माहीत आहे. हिडिंकनं संघाची घडी बदलली. मैदानावर धाकट्यांनी थोरल्यांना आदरार्थी हाका मारू नयेत आणि जेवणाच्या टेबलावर वयानुसार कंपू नकोत, असं त्यानं बजावलं. तंदुरुस्तीवर अफाट मेहनत घेतली. ते सगळं श्रेय त्याचंच. पण पोर्तुगालविरुद्धचा विजयी गोल पार्क जी-सुंगचा होता आणि इटलीला घरी पाठवणारा सुवर्णगोल आन जंग-ह्वाननं केला तो ली यंग-प्योच्या क्रॉसवर. स्पर्धेनंतर हिडिंक पीएसव्हीला गेला आणि या दोघांनाही सोबत घेऊन गेला. वीस वर्षांपूर्वी हॉ ज्या क्लबात घाम गाळत होता, त्याच क्लबात त्यानं शोधलेली मुलं डच प्रशिक्षकाच्या हाताखाली मोठी झाली. पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण कोरियात नसेल. अनुभव मात्र तिथलाच होता.

दुसरा डाव

हॉ चुन्नामकडे परतला. २००६ आणि २००७ असे लागोपाठ दोन एफए करंडक जिंकले. आणि मग डिसेंबर २००७ मध्ये, उलिए आणि मॅकार्थी नाही म्हणाल्यानंतर, त्याला दुसऱ्यांदा बोलावणं आलं.

सुरुवात रडतखडत झाली. पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात चिलीकडून हार. पात्रता फेरीच्या पहिल्या गटात उत्तर कोरिया होता आणि प्याँगयांगमध्ये दक्षिणेचा ध्वज फडकणार नाही, राष्ट्रगीतही वाजणार नाही, यावर उत्तर कोरिया अडून बसला. शेवटी मार्च २००८ मधला तो सामना शांघायला हलवावा लागला आणि ०-० असा सुटला. घरच्या मैदानावर जॉर्डनशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर टीकाकारांना ऊत आला. सप्टेंबरमध्ये उत्तर कोरियाशी शांघायलाच पुन्हा १-१.

इथून पुढे जे घडलं त्यात हॉचं दुसरं रूप दिसतं. पहिलं म्हणजे त्यानं पुन्हा कोवळ्या मुलांवर भिस्त ठेवली. एफसी सोलचे ली चुंग-यंग आणि की सुंग-युंग, दोघंही विशीच्या उंबरठ्यावर, राष्ट्रीय संघात पहिल्यांदा उतरले ते २००८ मध्येच. दोन वर्षांच्या आत एक बोल्टनला आणि दुसरा सेल्टिकला गेला.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. ऑक्टोबर २००८ मध्ये कर्णधार किम नाम-इलवर एका सामन्याची बंदी होती. हॉनं कर्णधारपदाची पट्टी पार्क जी-सुंगच्या दंडावर बांधली. पार्क तोवर मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू झाला होता, पण स्वभावानं अबोल. आरडाओरडा करणारा पुढारी तो नव्हताच. संयुक्त अरब अमिरातींचा ४-१ असा फडशा पडला आणि पट्टी पार्ककडेच राहिली. संघातलं वातावरण सैलावलं. खेळाडू आपलं म्हणणं मांडू लागले, कर्णधार ते प्रशिक्षकापर्यंत पोहोचवू लागला आणि प्रशिक्षक ते ऐकून घेऊ लागला. ज्या पिढीत प्रशिक्षकासमोर मान वर करून बोलणं उद्धटपणा समजला जाई, त्या पिढीच्या 'जिंदोच्या कुत्र्या'नं पकड सैल केली होती.

नोव्हेंबरात रियाधला सौदी अरेबियावर २-० असा विजय मिळाला. सौदीला हरवायला कोरियाला १९ वर्षं लागली होती. पात्रता फेरीचे सगळे १४ सामने संपले तेव्हा सात विजय, सात बरोबरी आणि पराभव शून्य असा हिशेब होता. शेवटच्या सामन्यात सोलला इराणविरुद्ध पार्कनं बरोबरीचा गोल केला आणि इराण स्पर्धेबाहेर गेला. त्याचा फायदा उत्तर कोरियाला मिळाला आणि दोन्ही कोरिया पहिल्यांदाच एकाच विश्वचषकाला पात्र ठरले.

मध्येच एक जोराचा धक्का बसला. फेब्रुवारी २०१० मध्ये टोकियोत चीननं कोरियाला ३-० असं हरवलं. त्याआधीच्या ३२ वर्षांत चीनला कोरियावर एकही विजय मिळाला नव्हता. हॉला काढा, अशी ओरड झाली. विश्वचषक चार महिन्यांवर होता आणि १९९८ पासून संघटनेला प्रशिक्षक बदलायची सवय लागली होती. या वेळी मात्र ती गप्प बसली. मे महिन्यात सैतामाला जपानच्या निरोपाच्या सामन्यात कोरियानं २-० असा विजय मिळवला.

पुन्हा मॅराडोना

१२ जून २०१०, पोर्ट एलिझाबेथ. समोर ग्रीस आणि त्यांचा प्रशिक्षक ओट्टो रेहागेल, ज्यानं २००४ मध्ये याच देशाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. सातव्या मिनिटाला की सुंग-युंगच्या फ्री किकवर बचावपटू ली जंग-सूनं गोल केला. उत्तरार्धात पार्क जी-सुंगनं चेंडू हिसकावला, दोन बचावपटूंना मागे टाकलं आणि गोल केला. २-०. कोरियन प्रशिक्षकाच्या हाताखाली कोरियानं विश्वचषकात मिळवलेला हा पहिला विजय. त्यातला दुसरा गोल करणारा होता टेनिसच्या कोट्यातून आलेला, बादुकच्या डावात मिळाल्याची टवाळी झालेला मुलगा.

पाच दिवसांनी जोहान्सबर्ग. अर्जेंटिना. त्यांचा प्रशिक्षक मॅराडोना. चोवीस वर्षांनी दोघंही सुटाबुटात मैदानाच्या कडेला उभे. वार्ताहरांनी ते जुनं छायाचित्र उकरून काढलं नसतं तरच नवल. तेव्हा कोरियन फुटबॉलपेक्षा तायक्वांदोच जास्त खेळले, अशा अर्थाचा टोला मॅराडोनानं हाणला. तो फुटबॉलच होता, असं हॉनं उत्तर दिलं.

सामना मात्र एकतर्फी झाला. लिओनेल मेस्सीची फ्री किक पार्क चू-यंगच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेली आणि गोंझालो हिग्वाइननं तीन गोल केले. ली चुंग-यंगचा एक गोल तेवढा कोरियाच्या पदरात. ४-१. या दिवशी हॉनं संघ फारच मागे खेळवला, उजव्या बाजूच्या बचावपटूची निवड चुकवली, अशी टीका झाली आणि तीत तथ्य होतं. अडवून धरण्याची जुनी सवय मोठ्या भीतीपुढे परत उफाळून आली असावी.

पण स्पर्धा संपली नव्हती. डर्बनला नायजेरियाविरुद्ध कोरिया आधी एका गोलनं मागे पडला, मग ली जंग-सू आणि पार्क चू-यंग यांच्या गोलनी पुढे गेला आणि अखेर २-२ अशी बरोबरी झाली. तेवढी पुरली. स्वतःच्या देशाबाहेर कोरिया पहिल्यांदाच बादफेरीत पोहोचला. तिथे पोर्ट एलिझाबेथच्या पावसात उरुग्वेच्या लुइस सुआरेझनं दोन गोल केले, मध्ये ली चुंग-यंगचा एक. २-१ असा पराभव झाला, पण कोरियानं सामना बरोबरीनं खेळला होता. १९८६ च्या संघाला मॅराडोनाच्या मागे धावावं लागलं. हा संघ स्वतः चेंडू ठेवून खेळत होता.

हॉनं मुदतवाढ घेतली नाही. जुलैच्या सुरुवातीला त्यानं पद सोडलं. त्याच्या जागी आला चो क्वांग-रे, पुएब्लातल्या त्या सामन्यात स्वयंगोल झालेला त्याचा जुना सहकारी. चोच्याच संघानं जानेवारी २०११ मध्ये दोहाला भारताला ४-१ असं हरवलं आणि त्या सामन्यात सन ह्युंग-मिन या अठरा वर्षांच्या मुलानं आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल नोंदवला. त्याच वर्षी डिसेंबरात, पात्रता फेरी अर्ध्यावर असताना, चोलाही काढण्यात आलं.

प्रश्नच चुकला होता

पुढचं हॉचं आयुष्य फारसं चमकदार नाही. इंचॉन युनायटेडमध्ये तो २०१२ पर्यंत राहिला, निकाल बेताचेच आले. मग फुटबॉल संघटनेचा उपाध्यक्ष झाला. २०१४ च्या विश्वचषकातल्या अपयशानंतर प्रशिक्षक होंग म्युंग-बोबरोबर त्यानंही राजीनामा दिला. पुढे डेजॉनच्या क्लबचा कारभार पाहिला. २०२५ मध्ये, सत्तरीत पोहोचल्यावर, त्यानं संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. निवडणुकीची पद्धत नियमाला धरून नाही म्हणून न्यायालयात गेला, मतदान पुढे ढकलायला लावलं. प्रत्यक्ष मतदान झालं तेव्हा विद्यमान अध्यक्ष चंग मोंग-ग्यूकडून मोठ्या फरकानं हरला. चिवटपणा होता, मतं नव्हती.

मग या कारकिर्दीतून 'आपला की परका' या प्रश्नाचं काय उत्तर मिळतं?

२००२ ते २०२२ या सहा विश्वचषकांत कोरिया तीनदा साखळीपुढे गेला. २००२ मध्ये हिडिंक, २०१० मध्ये हॉ, २०२२ मध्ये पोर्तुगालचा पावलो बेंतो. दोन परके आणि एक आपला. वरवर पाहता पारडं परक्यांकडे झुकतं. पण उरलेल्या तीन विश्वचषकांचा हिशेबही मांडायला हवा. २००६ पर्यंतच्या वाटेवर कोएल्यु, बॉन्फ्रेर, अॅडव्होकाट असे तीन प्रशिक्षक झाले. २०१४ पर्यंत चो क्वांग-रे, चोइ कांग-ही आणि होंग म्युंग-बो. २०१८ पर्यंत उली श्टीलिके आणि शेवटच्या दोन पात्रता सामन्यांसाठी घाईघाईनं आणलेला शिन ते-यंग. या तिन्ही वेळा संघ साखळीतच गारद झाला. यांत देशी होते, परदेशी होते, हुशार होते, कष्टाळू होते. २०१८ च्या संघानं तर गतविजेत्या जर्मनीला २-० असं हरवूनही दाखवलं. कुणालाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत संघ मिळाला नाही, एवढं मात्र सारखं होतं.

उलट हिडिंकला दीड वर्ष मिळालं, तेही पात्रता फेरीची कटकट नसलेलं आणि लीगनं आपले खेळाडू लांब शिबिरांसाठी मोकळे करून दिलेलं. बेंतोला चार वर्षं मिळाली. आणि हॉला, चीनकडून झालेल्या त्या मानहानीनंतरही, पात्रतेच्या पहिल्या सामन्यापासून विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत संघ मिळाला. पहिल्या खेपेला, २००० मध्ये, हीच मुदत त्याला मिळाली नव्हती. माणूस तोच, देश तोच, मुलं शोधण्याची नजरही तीच. मग दहा वर्षांत नेमकं काय बदललं? एक, त्यानं स्वतः हुकूम कमी केले. दोन, वर बसलेल्यांनी धीर धरला.

पहिल्या बदलाचं श्रेय त्याचं. दुसरा बदल संघटनेनं ठरवून केला की निव्वळ वेळ उरला नव्हता म्हणून झाला, हे पुढच्या दीड वर्षातच दिसून आलं. चो क्वांग-रेला काढताना तिनं पुन्हा तोच जुना प्रश्न काढला, आता आपला आणायचा की परका?